आधी वाचवणारा वाचला पाहिजे

खाणीत अडकलेल्यांना वाचवायला गेलेली माणसं मरतात आणि आपण त्यांच्या फोटोला हार घालून मोकळे होतो. हार घालणाऱ्यांना माझे तीन सवाल आहेत. त्यांना आत कोणी पाठवलं? काय मोजून पाठवलं? आणि ‘आता मागे फिरा’ म्हणायचा अधिकार कोणाकडे होता? या तिन्हींची उत्तरं दुर्घटनेच्या आधी कागदावर नसतील, तर वाचवणाऱ्याचा जीव आपण गृहीत धरला होता. मग त्या हाराला काही किंमत नाही.

हवेतलं बोलत नाही. घडलेलं सांगतो.

डोंगराचं ओझं जातं कुठे?

अमेरिकेच्या युटा राज्यात क्रॅन्डल कॅनियन नावाची कोळशाची खाण होती. 6 ऑगस्ट 2007 च्या पहाटे, तीन वाजायच्या सुमारास, डोंगराखालचे कोळशाचे खांब एकापाठोपाठ एक फुटले. सहा कामगार आत अडकले. हादरा एवढा मोठा होता की भूकंपमापकांवर 3.9 तीव्रतेची नोंद झाली. खाणमालक रॉबर्ट मरे कॅमेऱ्यांपुढे उभे राहून सांगत होते, भूकंप झाला म्हणून खाण कोसळली. भूकंपशास्त्रज्ञ सांगत होते, खाण कोसळली त्याचाच हा हादरा आहे. सरकारी तपासातही पुढे तेच निघालं.

मुळात तिथे काय चाललं होतं? जमिनीखालच्या खाणीतून सगळा कोळसा एकदम काढत नाहीत. मध्ये मध्ये खांब राखतात. वरचा डोंगर त्या खांबांवर तोललेला असतो. भाग संपत आला की मागे सरकत सरकत तेही खांब काढून घेतात आणि मागचं छत बसू देतात. आपल्या चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातला खाणकामगार याला डिपिलरिंग म्हणतो आणि मागे उरलेल्या भागाला गोफ. हे काम नियमात बसतं, पण यात हिशेब चुकला तर माफी नसते. क्रॅन्डल कॅनियनमध्ये मुख्य रस्त्यांच्या दोन्ही अंगांना डोंगर पेलण्यासाठी जाड पट्टे राखून ठेवले होते. कंपनीने तेच पोखरायला घेतले. मार्च 2007 मध्ये उत्तरेकडच्या पट्ट्यात भिंती फुटल्या, तो भाग सोडून द्यावा लागला. इशारा मिळालेला होता. कंपनी दक्षिणेकडच्या पट्ट्यात गेली आणि तेच काम तिथे सुरू केलं.

आता अशा ठिकाणी बचावाला जायचं म्हणजे काय, ते बघा. फुटलेल्या खांबांवरचं ओझं नाहीसं होत नाही. ते शेजारच्या खांबांवर जाऊन बसतं. ते खांब आधीच सोसण्याच्या शेवटाला आलेले असतात. बोगद्यात पडलेला कोळसा रस्ता अडवतो हे खरं, पण दोन्ही भिंतींना आतून टेकू देतो तोही तोच. अडकलेल्यांपर्यंत पोहोचायचं तर तो उपसावाच लागतो. उपसला की भिंत उघडी पडते. म्हणजे पथक जितकं पुढे जाईल, तितका त्याच्या दोन्ही अंगांचा धोका वाढतो. हा धोका अचानक येत नाही, तो या कामातच असतो.

पथकाने जमेल ते केलं. पोलादी टेकू उभे केले, भिंतींना जाळ्या आणि तारदोर लावले, यंत्राने कोळसा उपसत वाट काढली. डोंगर अधूनमधून हादरत होता. 16 ऑगस्टच्या संध्याकाळी साडेसहा वाजून गेल्यावर एक भिंत फुटली आणि टेकूंसकट कोळसा माणसांच्या अंगावर आला. तिघे गेले, सहा जखमी झाले. गेलेल्यांपैकी एक सरकारच्या खाण सुरक्षा खात्याचा निरीक्षक होता. उरलेले दोघे त्याच खाणीतले कामगार, आत अडकलेल्यांचे रोजचे सोबती.

खाणीच्या आतलं काम तिथेच थांबलं. वरून, डोंगराच्या पाठीवरून, सात छिद्रं पाडून पाहिली. एकातूनही हाक आली नाही. काही ठिकाणच्या हवेत प्राणवायू इतका कमी निघाला की माणूस तगणं शक्य नव्हतं. ते सहा जण आजही त्या डोंगरातच आहेत. सहा वाचले नाहीत आणि तीन वाढले.

पुढे चालक कंपनीला 13 लाख डॉलरांहून जास्त दंड ठोठावला गेला. खाणीचा आराखडा तपासून देणाऱ्या सल्लागार संस्थेलाही दंड झाला. 2012 मध्ये कंपनीने दोन किरकोळ गुन्हे कबूल करून पाच लाख डॉलर भरले. खाण सुरक्षा खात्यानेच त्या आराखड्याला मंजुरी दिली होती, त्यामुळे स्वतंत्र चौकशीत त्या खात्यावरही ठपका आला. नऊ माणसांमागे एवढाच हिशेब.

हवाच घात करते

खांब आणि भिंती फुटणं हा एक प्रकार झाला. वायूचा प्रकार याहून वाईट आहे, कारण तो दिसत नाही आणि त्याला वास नसतो.

कोळशाच्या थरात मिथेन असतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या मध्ये आलं की एक ठिणगी पुरते. 15 च्या वर गेलं की तो पेटत नाही, कारण प्राणवायू कमी पडतो. पहिल्या स्फोटात खाणीचे पंखे आणि हवेच्या वाटा उद्ध्वस्त होतात, मिथेन साचत जातो. अशा वेळी अडकलेल्यांना श्वास मिळावा म्हणून ताजी हवा आत सोडली, तर तीच हवा मिथेनला पुन्हा पेटण्याच्या टप्प्यात आणू शकते. वाचवण्यासाठी केलेली गोष्ट मरणाला कारण ठरते. बचावकार्यातला याहून क्रूर पेच मला माहीत नाही.

इतिहास बघा. केंटकीतली स्कोशिया खाण, मार्च 1976. 9 तारखेच्या स्फोटात 15 मेले. 11 तारखेला आत गेलेले 11 जण दुसऱ्या स्फोटात मेले, त्यात तीन सरकारी निरीक्षक होते. अलाबामातलं ब्रुकवुड, सप्टेंबर 2001. पहिल्या स्फोटात जायबंदी झालेल्या सहकाऱ्याला आणायला माणसं आत धावली आणि दुसऱ्या स्फोटात सापडली. एकूण 13 गेले. रशियातलं व्होर्कुता, फेब्रुवारी 2016. आत अडकलेल्या 26 जणांचा शोध चालू असताना पुन्हा स्फोट झाला आणि पाच बचावकर्मी व एक खाणकामगार गेला. सायबेरियातली लिस्त्व्याझ्नाया खाण, नोव्हेंबर 2021. एकूण 51 मृत्यू, त्यांतले पाच बचावकर्मी.

देश वेगळे, वर्षं वेगळी, धडा एकच. पहिला स्फोट झाला म्हणजे धोका संपला, असं धरून चालता येत नाही.

थांबा म्हणणाऱ्याची गरज

न्यूझीलंडमधली पाइक रिव्हर खाण. 19 नोव्हेंबर 2010 ला स्फोट झाला तेव्हा दोघे कसेबसे बाहेर आले, 29 आत राहिले. बचाव पथकं तयार होती. नातेवाईक दाराशी होते, चिडलेले होते, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. घरचा माणूस आत असेल तर कोणीही म्हणेल, सोडा मला, मी जातो. पण आतल्या वायूंची भरवशाची मापं हाती नव्हती, म्हणून पथकांना आत सोडलं नाही. 24 नोव्हेंबरला दुपारी अडीचनंतर दुसरा स्फोट झाला. त्या वेळी पथकं आत असती, तर एकही बाहेर आला नसता.

पुढे चौकशी आयोगाने म्हटलं की ते 29 जण पहिल्या स्फोटातच किंवा त्यानंतर थोड्याच वेळात गेले असावेत. आयोगाने आणखी एक गोष्ट सुनावली आणि ती आपण कान देऊन ऐकावी. निर्णयाच्या दोऱ्या दूर वेलिंग्टनमध्ये, खाणकाम न जाणणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांच्या हातात होत्या. आत न पाठवण्याने पथकांचे जीव वाचले, पण निर्णय घ्यायची रीत चुकीची होती. अशी रीत दर वेळी वाचवेलच असं नाही.

थांबण्याचीही किंमत असते, हे मी लपवणार नाही. फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत 10 मार्च 1906 रोजी स्फोट झाला, 1099 माणसं गेली. आता आत कोणी जिवंत नाही असं ठरवून शोध आवरता घेतला गेला. 30 मार्चला, वीस दिवसांनी, 13 माणसं अंधारातून चालत बाहेर आली. आणखी काही दिवसांनी आणखी एक जण आला. सबंध खाणपट्टा संतापाने पेटला, मोठा संप झाला. तो संताप रास्त होता.

म्हणून आत जायचं की थांबायचं, हे कोणाच्या भावनेवर सोडता येत नाही. मंत्र्याच्या नाही, मालकाच्या नाही, वाहिनीच्या निवेदकाच्या तर नाहीच. वायूची मापं, छताची हालचाल, पाण्याची पातळी आणि आत कोणी जिवंत असण्याची शक्यता, या चार गोष्टी समोर ठेवून जागेवरच्या जाणत्या माणसाने निर्णय घ्यायचा आणि बाकीच्यांनी तो मानायचा. आपल्या खाणीत हे रोजच घडतं. पाळी सुरू होताना मायनिंग सरदार छत काठीने ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर काम सुरू. पोकळ आवाज आला तर माणसं मागे. त्या क्षणी त्याला मॅनेजरला विचारत बसावं लागत नाही. जो अधिकार रोजच्या पाळीत सरदाराला असतो, तो दुर्घटनेच्या दिवशी कुठे जातो? त्या दिवशी तर त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

वाट वरूनही निघते

बचाव म्हणजे ढिगाऱ्यात घुसणं, हा समज पुसला पाहिजे. उत्तम बचाव तो, ज्यात वाचवणाऱ्याला ढिगाऱ्यात घुसावंच लागत नाही. याचा फार मोठा दाखला आपल्याच देशात आहे.

पश्चिम बंगालमधल्या राणीगंजजवळची महावीर खाण. 13 नोव्हेंबर 1989 रोजी खाणीत पाणी घुसलं. 71 कामगार आत अडकले, त्यातले सहा बुडून गेले. 65 जण उंचावरच्या एका भागात तग धरून होते. पाण्यातून वाट काढणं म्हणजे आणखी जीव गमावणं. ईस्टर्न कोलफील्ड्समधले खाण अभियंते जसवंत सिंग गिल यांनी वरून मोठं छिद्र पाडून पोलादी कॅप्सूल खाली सोडायचं ठरवलं. जवळच्या कारखान्यात ती बनवून घेतली. छिद्राचा व्यास 22 इंच, म्हणजे दोन्ही खांदे आक्रसून उभं राहिलं तरच माणूस मावेल. गिल स्वतः पहिले खाली गेले, एकेकाला वर पाठवत राहिले आणि सगळ्यांच्या शेवटी वर आले. 65 च्या 65 जिवंत. 1991 मध्ये त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं.

गिल यांच्या धाडसाला सलाम आहेच. पण त्या धाडसामागचा विचार बघा. धोका त्यांनी पत्करला तो मोजून. जागा नेमकी हेरली, कॅप्सूल माणसाचं वजन पेलेल याची खात्री केली आणि मग पाऊल टाकलं. धाडस आणि हिशेब एकाच माणसात होते, म्हणून 65 घरांत दिवा लागला.

2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीतही हेच झालं. शेजारची जुनी, पाण्याने भरलेली खाण फुटली आणि नऊ जण अडकले. आधी सहा इंचांचं छिद्र पाडून दाबाची हवा आत सोडली, तिने पाणी थोपवून धरलं. मग मोठं छिद्र पाडलं आणि 77 तासांनी कॅप्सूलमधून नऊही जण वर आले. चिलीच्या सॅन होजे खाणीतली 2010 ची गोष्ट तर जगाने दूरदर्शनवर पाहिली. सुमारे 700 मीटर खोल, 33 माणसं, 69 दिवस. सतरा दिवस तर वर कोणाला माहीतही नव्हतं की ते जिवंत आहेत. तिथेही बचावकर्ते कॅप्सूलमधून खाली उतरले आणि शेवटी तेच वर आले. एकही बचावकर्ता गेला नाही.

या तिन्ही ठिकाणी घाई करायचा दबाव प्रचंड होता. तरी घाईपेक्षा वाट निवडण्याला जास्त महत्त्व दिलं गेलं.

कागदावरची शिडी

आता मूळ दुखण्यावर येतो. बचावकर्त्याचा धोका ठरतो तो खाण कोसळायच्या कितीतरी आधी, कोणीतरी पैसे वाचवतं त्या दिवशी.

सॅन होजे खाणीतले कामगार हवेच्या बोगद्यातून वर चढून सुटायला गेले होते. शिडी पुरती लावलेलीच नव्हती. एक शिडी असती तर 69 दिवस लागले नसते आणि कोणाला कॅप्सूलमध्ये बसून खाली जावं लागलं नसतं.

क्वेक्रीकचा अपघात झाला कारण शेजारच्या जुन्या खाणीचा हाताशी असलेला नकाशा अपुरा होता. मेघालयातल्या क्सान गावी तर नकाशाच नव्हता. 13 डिसेंबर 2018 ला तिथल्या बेकायदा रॅट होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद, खाणीत पाणी घुसलं, 15 जण अडकले. खाण बेकायदा, म्हणून कागद नाही. कागद नाही, म्हणून नौदलाचे पाणबुडे काळ्या पाण्यात कोणत्या बिळात शिरणार, ते कोणालाच सांगता येईना. मोठे पंप पोहोचायला दोन आठवड्यांच्या आसपास गेले. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं आणि पंप तिथे गेले, कोल इंडियाचे गेले. फार उशीर झाला होता. दोघांचेच देह हाती लागले. 6 जानेवारी 2025 ला आसामच्या उमरांगसोत पुन्हा तेच घडलं. रॅट होल खाण, पाणी, नऊ माणसं. पुन्हा पाणबुडे आत गेले आणि शेवटी देहच वर आले. त्या खाणी चालू देणाऱ्या स्थानिक यंत्रणेपैकी कोणाला कधी त्या पाण्यात उतरावं लागलं नाही.

उत्तराखंडमधला सिल्क्यारा बोगदा. 2018 च्या केंद्रीय मंजुरीत या बोगद्याला सुटकेचा मार्ग असेल असं लिहिलेलं होतं. 12 नोव्हेंबर 2023 च्या पहाटे, दिवाळीच्या दिवशी, बोगदा कोसळला आणि 41 कामगार अडकले, तेव्हा त्यांना बाहेर यायला असा मार्ग नव्हता. तो असता तर ते पायी चालत आले असते. तो नव्हता म्हणून सतरा दिवस शेकडो माणसांनी त्याच ढासळत्या डोंगराखाली काम केलं. 17 नोव्हेंबरला यंत्र चालू असताना आत तडकल्याचा मोठा आवाज आला आणि काम थांबवावं लागलं. पुढे यंत्राचं पातं लोखंडात अडकून तुटलं.

पन्नास हजार

आणि मग शेवटचे दहा-बारा मीटर कोणी खोदले? दिल्लीहून आलेल्या रॅट मायनर्सनी, हातांनी. सुमारे 800 मिलिमीटरच्या पाइपमध्ये गुडघ्यावर बसून. एक जण खोदणार, दुसरा माती-दगड भरणार, तिसरा छोट्या गाड्याने तो माल मागे ओढणार. उभं राहायला जागा नाही, वळायला जागा नाही, पुढे केव्हाही सुटू शकेल असा ढिगारा आणि अंगाखाली गरम लोखंड. 28 नोव्हेंबरला 41 च्या 41 बाहेर आले. ज्या पद्धतीच्या खाणकामावर राष्ट्रीय हरित लवादाने मेघालयात 2014 मध्ये बंदी घातली, त्याच पद्धतीत हात मुरलेल्या माणसांनी देशाची लाज राखली.

सरकारने या प्रत्येकाला किती दिले? पन्नास हजार रुपये. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांच्यातल्याच एकाचं दिल्लीतलं घर अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मला लपवायचा नाही. टाळ्या वाजवायला आपण सगळे होतो. विमा, पेन्शन, कायमची नोकरी, डोक्यावर छप्पर, यातलं काही पक्कं करायला कोणी नव्हतं. वाचवणाऱ्याला आपण त्या दिवसापुरतं देव मानतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजंदारीवर सोडून देतो.

दर वेळी सिल्क्यारासारखं यश येत नाही. 22 फेब्रुवारी 2025 ला तेलंगणातल्या श्रीशैलम डाव्या कालव्याच्या (एसएलबीसी) बोगद्याचं छत आलं. आठ जण सुमारे 14 किलोमीटर आत. आत जायला एकच रस्ता, त्यात पाणी, गाळ आणि मोडलेलं यंत्र. लष्कर आलं, नौदल आलं, श्वानपथक आलं, यंत्रमानव आले, रॅट मायनर्सही आले. दोघांचे देह मिळाले. शेवटच्या टप्प्यात उपसा पुढे नेला तर छत पुन्हा यायची भीती होती, म्हणून थांबावं लागलं. तिथे थांबणं बरोबर होतं. घरच्यांना ते समजावून सांगणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम असेल, तरी बरोबरच होतं.

आपल्या अंगणातली विहीर

हे सगळं लांबचं वाटत असेल तर वाकडीला चला. नेवासा तालुका, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. एप्रिल 2024. शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. एक जण ते काढायला उतरला आणि आतल्या वायूने गुदमरला. त्याला काढायला दुसरा उतरला. मग तिसरा, मग चौथा. पाच माणसं गेली. सहावाही उतरला होता. तो वाचला, कारण उतरताना त्याने कमरेला दोर बांधला होता.

त्या एका दोरात बचावाचं सगळं शास्त्र आलं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने 1986 मध्येच बजावून सांगितलं आहे की बंदिस्त जागांमध्ये मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त जण हे वाचवायला गेलेले असतात. आपल्या शहरांतल्या गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललं आहे. एक उतरतो, तो परत येत नाही म्हणून सोबती उतरतो, मग आणखी एक. बातमीत त्याला दुर्दैवी घटना म्हणतात. ज्या ठेकेदाराने दोर, मास्क आणि वायू मोजायचं यंत्र दिलं नाही, त्याच्या लेखी ती बचत असते.

आता मागणं

महाराष्ट्रात हे आज बोलायला हवं, कारण आज महाराष्ट्र जमिनीखाली खोदतो आहे. विदर्भात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणी आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून ठाणे-बोरिवली जोडबोगदा जातो आहे. बुलेट ट्रेनचा बोगदा ठाण्याच्या खाडीखालून. खाणींसाठी निदान वेगळ्या सुरक्षा तरतुदी आहेत, 1985 मध्ये खाण बचाव नियम झाले, नागपुरात बचाव केंद्र आहे, तालीम घेतलेली पथकं आहेत. रस्त्याचा आणि रेल्वेचा बोगदा खाणींच्या या छत्राखाली येत नाही. डोंगराला मात्र कोणता कायदा लागू आहे ते कळत नाही. तो दोन्हीकडे सारखाच कोसळतो.

म्हणून प्रत्येक भूमिगत कामाच्या दारावर, मराठी आणि हिंदीत, ठळक अक्षरांत एक फलक लागला पाहिजे. त्यावर सुटकेची दुसरी वाट कुठे आहे ते असावं. ती वाट बांधून झाल्याशिवाय पुढचा मीटर खोदला जाऊ नये. जवळचं बचाव पथक कोणतं आणि किती मिनिटांत येईल ते असावं. अमेरिकेने सॅगो खाणीत 12 जण गेल्यावर 2006 मध्ये कायदा केला की बचाव पथक तासाभराच्या अंतरात हवं. आपण आणखी किती जण गेल्यावर करणार?

त्याच फलकावर एका माणसाचं नाव असावं, बचावाच्या वेळी ‘आत जा’ आणि ‘मागे फिरा’ म्हणायचा अधिकार असलेल्या माणसाचं. तो खाणकाम जाणणारा असावा आणि कंपनीचा नोकर नसावा. त्याने एकदा मागे फिरा म्हटलं की मंत्र्याने फोन केला तरी कोणी आत जाणार नाही, एवढी ताकद त्याच्या सहीत असावी. मालकाने माइकपुढे उभं राहून कारणं सांगायची नाहीत. क्रॅन्डल कॅनियनमध्ये ते झालं, पुन्हा नको.

पथक आत असेल तेव्हा दुसरं पथक दाराशी तयार हवं, पहिल्याला काढायला. खाण बचावातला हा जुना नियम बोगद्यालाही लागू करा, गटारालाही करा. आणि आत जाणारा माणूस सरकारी असो की दिल्लीहून बोलावलेला रोजंदारीवरचा, त्याचा विमा आत पाऊल टाकायच्या आधी उतरलेला असावा. गेल्यानंतरची मदत ही घोषणा असते. आधीचा विमा हा हक्क असतो.

शेवटचं मागणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. बचावात माणूस गेला, तर त्याच्या मृत्यूचा गुन्हा मूळ दुर्घटनेच्या गुन्ह्यातच जोडा. ज्याने शिडी लावली नाही, नकाशा अद्ययावत ठेवला नाही, सुटकेचा मार्ग गाळला, खांब नको तिथून काढले, तोच या मरणालाही जबाबदार आहे. कोर्टात तसं सिद्ध करावं लागेल, ते करा. असे दोन-चार निकाल लागले की शिड्या आपोआप लागतील आणि वाचवायला जायची वेळच कमी येईल.